नमाजही पढावी, डॉक्टरांकडेही जावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘नीट’ची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाविषयी परीक्षेच्या तोंडावर वर्तमानपत्रांत बरेच छापून येते, पण त्याची एक बाजू सहसा कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र. उदगीर, औसा, निलंगा या भागांतून शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहणाऱ्या मुस्लिम मुलींशी शिक्षिका म्हणून माझा नेहमी संबंध येतो. छातीत धडधड, तळहाताला घाम, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, असा त्रास सुरू झाला की बहुतेकींना घरून फोनवर एकच उत्तर मिळते: ‘नमाज मन लावून पढत नसशील, म्हणून जीव घाबरतो.’ आधीच घाबरलेल्या पोरीच्या माथी ईमान, म्हणजे श्रद्धा, कच्चे असल्याचा ठपका बसतो आणि तिची उरलीसुरली झोपही जाते.

हा ठपका धर्माला धरून नाही. अल्लाहच्या स्मरणाने अंतःकरणाला शांती लाभते, हे सूरह रअदच्या 28 व्या आयतीत स्पष्ट आहे आणि त्यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. परंतु चिंता आणि दुःख यांपासून आश्रय मागणारी दुआ खुद्द पैगंबर साहेब वारंवार करीत, असे सहीह बुखारी या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदीत, आलेले आहे. ज्यांच्या ईमानाविषयी शंकेला जागाच नाही, त्यांनी जी दुआ मागितली, ती मागण्याची वेळ अकरावीतल्या मुलीवर आली तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

इबादतीचा उपयोग मी जवळून पाहिला आहे. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजेनंतर मुसल्ल्यावरच (नमाजेच्या आसनावरच) बसून बोटांच्या पेरांवर 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणताना श्वास आपोआप संथ होतो, खांदे सैल पडतात आणि दिवसाचे पहिले काही क्षण तरी मोबाइल आणि टेस्टचे गुण यांच्या आधी येतात. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला आपण सहलीने जातो, पण ते बाबा शाह मुसाफिर यांच्या नक्शबंदी या सूफी परंपरेचे ठिकाण आहे आणि प्रत्येक श्वास भानावर राहून घेणे, ‘होश दर दम’, हा त्या परंपरेचा मूळ नेम आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याच मराठवाड्यात रुजलेली ही शिकवण मुलींना कोणी समजावून सांगितली, तर किती बरे होईल!

मात्र काही त्रास जपाने आवरत नाहीत. वुजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुताना, हात कोरडा राहिला असेल, या शंकेने एक मुलगी पुन्हा पुन्हा नळाखाली हात धरीत असे. तिची बोटे सुरकुतून पांढरी पडत आणि जमातीतल्या बाकीच्या मुलींची नमाज होऊन गेली तरी ती नळाशीच असे. घरच्यांना ही परहेजगारी, म्हणजे धर्मनिष्ठा, वाटली. वास्तविक पैगंबर साहेब एक मुद्द, म्हणजे एक लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करीत. अशा वसवशाला, म्हणजे पुन्हा पुन्हा छळणाऱ्या शंकेला, मानसोपचारतज्ज्ञाचीच गरज असते आणि अल्लाहने प्रत्येक आजाराला औषध ठेवले आहे, म्हणून उपचार करा, ही हदीस अशा आजारालाही लागू आहे. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल्‌-बल्खी या विद्वानाने शरीराच्या आरोग्याइतकाच मनाच्या आरोग्याचाही विचार मांडला होता आणि घरात औषधे जशी आधीच ठेवतात, तसे धीर देणारे विचार मन स्वस्थ असतानाच साठवून ठेवावेत, असे सांगितले होते.

रमजानबद्दलही एक गोष्ट सांगणे मला निकडीचे वाटते. चिंतेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असणारे कित्येक जण रोज्यासाठी त्या परस्पर बंद करतात, आणि ते धोक्याचे आहे. डॉक्टरांना आधी विचारले, तर अनेकदा गोळ्यांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारला जुळवून घेता येतात. ते शक्य नसेल, तर आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत, अशी सवलत कुरआननेच सूरह बकरहमध्ये दिलेली आहे.

शहरातील इमाम साहेबांना माझी कळकळीची विनंती आहे की, जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, खुतब्यापूर्वीच्या बयानात (प्रवचनात) त्यांनी हा विषय घ्यावा आणि मशिदीच्या फलकावर नमाजेच्या वेळांखाली ‘टेली-मानस’ या मोफत सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक लिहावा. तिथे चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. आपल्याकडे बायका-मुली मशिदीत फारशा जात नसल्याने तेवढ्याने भागणार नाही. मोहल्ल्यात बायकांचे साप्ताहिक इज्तेमा (धार्मिक मेळावे) भरवणाऱ्या आपांनी तिथेही हे बोलावे, आणि आपणही परीक्षेच्या महिन्यांत हा क्रमांक रोज ठळक छापावा, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, लातूर