आधीच केलेली टिक

ऑनलाइन खरेदी करताना ग्राहकांनी सावध राहावे, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सल्ला योग्यच, पण फसवणूक पडद्याच्या मांडणीतच दडलेली असेल तर सावधगिरी कुठवर पुरणार? चवथीला पुण्याहून येणाऱ्या मुलासाठी मी बसचे तिकीट काढत होतो. विम्याच्या चौकटीत टिक आधीच केलेली. ती काढली, तर ‘मी जोखीम पत्करतो’ असे माझ्याकडूनच वदवून घेतले! ‘विमा हवा’चे बटण हिरवेगार, ‘नको’ मात्र फिकट करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणून मनाई केली. न मागितलेली गोष्ट बिलात घुसडणे आणि नकार देणाऱ्याला खजील करणे, दोन्ही त्यात आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांकही आहे. पण वीस-तीस रुपयांसाठी फोन कोण करत बसणार? कंपन्यांचा हिशेब नेमका यावरच बेतलेला असतो. तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्राधिकरणाला दिला आहे; तो त्यांनी वापरावा.

— एक वाचक, फोंडा