मिसळलंय की नुसतं शेजारी बसलंय?

इंदूर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, प्लॅटिनम आणि कोबाल्ट खरंच एक झालेत हे कळतं कसं, हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला. जन्मभर सोन्यात तांबं मिसळलेल्या सराफाला तो पडणारच! पण आमच्या मालाला कसोटीचा दगड चालत नाही. एकेक कण तीन नॅनोमीटरचा, त्यात जेमतेम हजारभर अणू, आणि असे कण कार्बन ब्लॅकवर, म्हणजे कारखान्यातल्या काजळीवर, चिकटवलेले. (आई, नखं काळी का, ते कळलं ना?) टोयोटाच्या 2014च्या मिराई गाडीतल्या फ्युएल सेलमध्येही, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रातही, ही जोडी आहे.

आधी एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे अणूंच्या जाळीवरून एक्स-रे कोणत्या कोनांत वळतात ते मोजणं. नेहमीच्या तांब्याच्या ट्यूबवर शुद्ध प्लॅटिनमचा मोठा पीक, म्हणजे आलेखातला सुळका, 39.8 अंशांना येतो. कोबाल्टचा अणू लहान. तो आत शिरला की जाळी आक्रसते आणि पीक पुढे सरकतो. आमचा सरकला. पण जो कोबाल्ट न मिसळता ऑक्साइड होऊन काजळीवर विखुरला, तो या आलेखात बहुधा दिसतच नाही. तरी लोक एवढ्यावर 'मिश्रधातू झाला' म्हणून मोकळे होतात, त्याची मला चीड येते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो देखणे, जड प्लॅटिनम लखलखीत, कोबाल्ट फिका. पण लाखो कणांतले दिसणार किती, आणि छापायला निवडतात तेही सगळ्यांत गोंडस.

म्हणून इथे इंडस-2 वर, म्हणजे हव्या त्या ऊर्जेचे प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, आले. एक्स-रेची ऊर्जा 11,564 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास नेली की फक्त प्लॅटिनमला विचारता येतं, तुझे शेजारी कोण? 7,709 ला तोच प्रश्न कोबाल्टला. उत्तर येतं ते सगळ्या कणांचं मिळून सरासरी, पण दोघांचे जबाब ताडून बघता येतात. प्लॅटिनमला एकूण शेजारी कमी आणि कोबाल्टला जास्त निघाले, तर प्लॅटिनम बाहेरच्या अंगाला (कडेच्या अणूला शेजारी कमीच) आणि कोबाल्ट आत. आम्हाला तेच हवंय, कारण उघड्यावरचा कोबाल्ट फ्युएल सेलमधल्या आम्लात विरघळून जातो. आमचे आकडे त्या बाजूला झुकताहेत. आम्लात धुतलेल्या नमुन्याची पाळी आज रात्री आहे.

आई, गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो पाठव, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही कळव. बाबांना विचारू नकोस, ते 'सगळं ठीक' एवढंच लिहितात.

तुमची,
मनू