नळी बदलण्याचा निर्णय लांबवू नये

माननीय संपादक, स. न. वि. वि.

माझी पत्नी घरी पेरिटोनियल डायलिसिस करते, म्हणजे पोटात कायम बसवलेल्या नळीतून द्रव आत सोडून पोटाच्या आतल्या आवरणातून रक्त शुद्ध करते. पोटातून निघालेल्या द्रवाची पिशवी मी रोज छापील कागदावर ठेवून पाहतो. खालची अक्षरे वाचता आली की जीव भांड्यात पडतो. गेल्या वर्षी ती अक्षरे तीनदा दिसेनाशी झाली, म्हणजे द्रव गढूळ झाला, पोटात जंतुसंसर्ग झाला. पहिल्या वेळी पिशवीतूनच अँटिबायोटिक दिल्यावर चार दिवसांत द्रव निवळला, मात्र कोर्स संपल्यावर बाराव्या दिवशी तो पुन्हा गढूळ झाला. दरवेळी आम्हाला विचारले गेले ते एकच : हात नीट धुतले होते का?

हात धुतलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण औषध संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत तोच जंतू परततो, तेव्हा तो बहुधा नळीवरच ठाण मांडून असतो. नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर बसतो आणि द्रवातले जंतू मारणारे औषध त्या थराच्या आत पुरेसे पोहोचत नाही. अशा वेळी द्रव निवळून त्यातील पांढऱ्या पेशी प्रति घनमिलिमीटर शंभराच्या खाली आल्यावर एकाच शस्त्रक्रियेत जुनी नळी काढून नवी बसवता येते, आणि बहुतेकदा रक्ताच्या (यंत्रावरच्या) डायलिसिसवर जावे लागत नाही. बुरशीचा संसर्ग असेल, किंवा योग्य औषध पाच दिवस देऊनही द्रव निवळण्याची चिन्हे नसतील, तर मात्र नळी आधी काढावी लागते व नवीसाठी किमान दोन आठवडे थांबावे लागते. अशा वेळी नळी वाचवण्याच्या नादात पोटाचे आवरणच कायमचे निकामी होऊ शकते.

संसर्ग परतला पण जंतू वेगळा निघाला, तर शोधाची दिशाही बदलते : पिशवी जोडण्याची पद्धत, आतड्याचा विकार, नळीच्या तोंडाशी असलेला पू. म्हणूनच कल्चरचा (द्रवातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यायला हवा. आमचा पहिला नमुना औषध सुरू झाल्यावर गेला आणि अहवालात जंतू आढळला नाही. तिथेच आमचे दोन महिने वाया गेले.

डायलिसिस केंद्रांना विनंती एवढीच, की प्रत्येक कल्चरचा अहवाल व कोर्स संपल्याची तारीख रुग्णाच्या वहीत लिहून द्यावी, म्हणजे ते चार आठवडे घरच्यांनाही मोजता येतील.

आपला,
एका रुग्णाचा पती