‘१००% वॉटरप्रूफ’ लिहून विकलेल्या साधनात पाणी शिरल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : व्हायब्रेटरमध्ये पाणी शिरून सेल फुगणे, वॉरंटी नाकारणे आणि पाण्यातील वापराबाबत पुरेशा सूचना न देणे.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी एक व्हायब्रेटर मागवला होता. बिल, खोक्याचे फोटो आणि आपल्या माणसांशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. खोक्यावर पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘१००% वॉटरप्रूफ’ असं छापलंय, शेजारी टबात पहुडलेल्या बाईचं चित्र आहे. मागच्या बाजूला, किंमत लिहिलेल्या कोपऱ्यात, भिंगाशिवाय दिसणार नाही एवढ्या अक्षरांत ‘आयपीएक्स७’ हा पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा सांगणारा क्रमांक आहे. मी ही वस्तू आंघोळीच्या वेळी वापरली. थोड्याच दिवसांत चार्जिंगच्या पिना काळ्या पडल्या. एका रात्री चार्जिंगला लावलेली असताना ती हाताला चटका बसेल इतकी तापली, म्हणून लगेच काढली. तोवर आतला सेल फुगून वरचं सिलिकॉन एका बाजूने उचललं गेलं होतं.

त्यावर आपल्याकडून आलेलं उत्तर असं : ‘द्रवामुळे झालेले नुकसान वॉरंटीत समाविष्ट नाही.’ वॉटरप्रूफ म्हणून पैसे घ्यायचे आणि पाणी शिरलं की त्याच कारणाने वॉरंटी नाकारायची, हे मला मान्य नाही.

मी अकोला जिल्ह्यात पूर्णा नदीकाठच्या एका गावात राहते. आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पती वाइंडिंग करतात, मी हिशेब आणि गिऱ्हाईक बघते, आणि हंगामात दोघंही कॉइल भरायला बसतो. मोटारीच्या प्लेटवरचा आयपी क्रमांक वाचणं हे आमचं रोजचं काम आहे. कुठे आयपी ४४ असतो, कुठे आयपी ५५. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आपल्या खोक्यावर पहिल्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ आहे, म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेली नाही. पुढचा ७ म्हणजे वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवली तर बिघडेल एवढं पाणी आत जाऊ नये. ही चाचणी गोड्या पाण्यात होते, नव्या कोऱ्या वस्तूवर होते, आणि पाणी व वस्तू यांच्या तापमानात फार फरक नसताना होते. पाण्याच्या जोरदार धारेची चाचणी वेगळी, तिचे आकडे ५ आणि ६. नुसता ७ लिहिलेला असेल तर वस्तू धारेखाली टिकेल असं गृहीत धरता येत नाही. यातलं एक वाक्यसुद्धा आपल्या पुस्तिकेत नाही. ‘१००%’ हा शब्द कोणत्याही मानकात बसत नाही, तो आपण पदरचा घातलाय.

आता आमच्याकडचं पाणी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरलाय. बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही आणि नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात. प्यायला योजनेचं पाणी येतं, तेही रोज येत नाही. मग आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. अशा पाण्याचे थेंब पिनांवर राहिले आणि त्यावर चुंबकी चार्जर लावला की क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते आणि पिना गंजायला लागतात. मोटारीच्या टर्मिनलवर आम्ही हे नेहमी पाहतो. वॉरंटी नाकारल्यावर पतींनी दुकानात ते साधन उघडलं. बटणाखालची रबरी रिंग एका बाजूने खाचेत बसलेलीच नव्हती आणि त्याच बाजूने आत पांढरा क्षार व तांब्याचा हिरवा गंज उतरला होता. फोटो क्रमांक ४ आणि ५ बघा. हा जोडणीतला दोष आहे. शिवाय रिंग नीट बसली असती तरी पिनांचा प्रश्न उरतोच, कारण पिना बाहेरच असतात. ‘गोड्या पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, पिना पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावू नका’, एवढी एक ओळ पुस्तिकेत असायला हवी होती. समुद्राच्या पाण्यात वापरू नका असा इशारा तरी काही कंपन्या देतात. ज्यांच्या नळालाच खारं पाणी येतं त्यांचा विचार कुणी करायचा?

आपल्या प्रतिनिधीने फोनवर मला विचारलं की बेडरूम सोडून न्हाणीत कशाला वापरलं. या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण माझ्या मते आपल्या कंपनीला आपली गिऱ्हाइकं कुठे राहतात हेच ठाऊक नाही. आमच्या घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, मुलं अशी भरपूर माणसं आहेत. उन्हाळ्यात सगळे अंगणात नाहीतर गच्चीवर झोपतात. आतून कडी लागते आणि आत कोण आहे म्हणून कुणी हाक मारत नाही अशी घरात एकच जागा, ती म्हणजे न्हाणी. गावातल्या बाईला स्वतःसाठी जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात ती तिथेच मिळतात. त्यामुळे पाण्याजवळचा वापर हा आमच्यासाठी टबातल्या चित्रासारखा शौक नाही. आम्ही खोक्यावरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पाहूनच ही वस्तू निवडतो. त्या शब्दावर आमचं शरीर अवलंबून असतं. म्हणून तो शब्द खरा असला पाहिजे.

न्हाणीतले धोकेही आपल्या चित्रातल्यासारखे नसतात. आमच्याकडे पाणी तापवायला बादलीत हीटरचा रॉड सोडतात. गावात कित्येक घरांना अर्थिंग नीट नाही. रॉड चालू असताना त्या बादलीत हात घालायचा नाही हे घरातल्या पोरांनाही शिकवतात, मग त्याच पाण्यात कुठलंही साधन बुडवायचं नाही हेही सांगायला हवं. न्हाणीच्या भिंतीवरच्या बोर्डात चार्जर लावायचा नाही. चार्जिंगला लावलेलं साधन वापरायचं नाही, मग हात कोरडे असोत की ओले. वायरवर, भिंतीच्या विजेवर चालणारे मसाजर तर पाण्याच्या जवळपाससुद्धा न्यायचे नाहीत. कढत पाण्याचंही सांगायला हवं. साधन गरम पाण्यात तापतं, आतली हवा फुगते. लगेच गार पाण्यात टाकलं की ती हवा आकसते आणि रिंगेच्या फटीतून पाणी आत ओढून घेते.

आणि शरीराचं काय? आपल्या पुस्तिकेत त्याबद्दल अवाक्षर नाही. वस्तूचं नाव ‘पर्सनल मसाजर’, उपयोग ‘मान, पाठ, खांदे’. कायद्याच्या भीतीने असं लिहिलं जातं, हे मला समजतं. पण आपल्याच संकेतस्थळावर ती वस्तू कशासाठी आहे हे उघड लिहून विकली जाते, मग फक्त सुरक्षेची वेळ आली की ती मानेची कशी होते? मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम विभागाचं अपील फेटाळून असे बॉडी मसाजर अश्लील वस्तू म्हणून अडवता येणार नाहीत असं म्हटलं आहे. २०२१ पासून या प्रकारच्या साधनांसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. साध्या शब्दांत आरोग्याची माहिती छापायला आता काय अडतं?

पाण्यात शरीराचा नैसर्गिक ओलावा धुऊन जातो. अंग भिजलेलं असतं म्हणून बाईला वाटतं की सगळं ठीक आहे, प्रत्यक्षात घर्षण वाढतं, आतल्या नाजूक त्वचेला बारीक चिरा पडतात आणि तिथून जंतुसंसर्ग होतो. माझ्या माहितीतल्या एकीला असाच त्रास झाला आणि डॉक्टरांपुढे कारण सांगायची लाज वाटली म्हणून तिने तो बरेच दिवस अंगावर काढला. पाण्यावर आधारित वंगण पाण्यात टिकत नाही. सिलिकॉनचं वंगण टिकतं, पण ते सिलिकॉनच्याच साधनाचा पृष्ठभाग खराब करतं, शिवाय फरशीवर सांडलं तर पाय घसरून कमरेचं हाड मोडेल. खोबरेल तेल घरोघरी असतं म्हणून तेच वापरलं जातं, आणि साधनावर निरोध चढवला असेल तर तेलाने लेटेक्स कमजोर होऊन तो फाटतो. साबणाचं पाणी योनीच्या आत जाता कामा नये, त्याने तिथलं आम्ल-संतुलन बिघडून खाज, जळजळ आणि स्राव सुरू होतो. शेततळ्याचं, हौदाचं, साठवून शेवाळ धरलेल्या टाक्याचं पाणी तर नकोच. गुदमार्गासाठी वापरायचं साधन बुडाला रुंद असलंच पाहिजे, नाहीतर ओल्या हातातून सुटून आत अडकतं आणि दवाखाना गाठावा लागतो. तिथे वापरलेलं साधन धुतल्याशिवाय योनीसाठी वापरायचं नाही. दोघांनी एकच साधन वापरायचं तर मध्ये धुवायचं किंवा निरोध बदलायचा. हे सगळं पुस्तिकेच्या एका पानात मावतं. आपण त्या पानावर आपल्या इतर वस्तूंची जाहिरात छापली आहे.

वाळवण्याचा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटेल. आमच्यासाठी तो सगळ्यात अवघड आहे. दोरीवर वाळत घालण्यासारखी ही वस्तू नाही. म्हणून बाया ती ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात, साड्यांच्या खाली दडवतात, आणि ओल राहिली की बुरशी धरते. टीपीई (रबरासारखं मऊ प्लॅस्टिक) किंवा जेलीसारख्या स्वस्त मालाला सूक्ष्म छिद्रं असतात, तो कितीही धुतला तरी पुरता निर्जंतुक होत नाही. आपली वस्तू सिलिकॉनची आहे असं खोक्यावर लिहिलंय, तेव्हा सौम्य साबणाने धुऊन, पुसून, स्वच्छ सुती कापडाच्या थैलीत ठेवली तरी चालली असती. पण आपणच सोबत दिलेली थैली प्लॅस्टिकची आहे! सुती थैली द्यायला किती खर्च येतो? आणि मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाखालची खोली त्याहून तापते. अशा खोलीत भर दुपारी लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं आहे, हेही छापा.

आपण मला ‘तपासणीसाठी’ साधन कुरिअरने परत पाठवायला सांगितलंत. फुगलेला लिथियम सेल साध्या कुरिअरच्या पोत्यात टाकणं म्हणजे वाटेतल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. तो दाबला गेला तर पेट घेऊ शकतो. मी पाठवणार नाही. सध्या तो घराबाहेर, वाळूने भरलेल्या मातीच्या मडक्यात ठेवला आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तो सुरक्षितपणे नेण्याची व्यवस्था आपण करा.

माझ्या मागण्या : वस्तूची पूर्ण किंमत परत करावी. खोक्यावरून आणि जाहिरातीतून ‘१००% वॉटरप्रूफ’ काढून, किती खोल, किती वेळ, कोणत्या पाण्यात चालेल हे ठळक छापावं. वर लिहिलेल्या सूचना मराठीत, बाईला एकटीला वाचून कळतील अशा भाषेत द्याव्यात. या तुकडीतल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना पिना आणि बटणाखालची रिंग तपासायला कळवावं, कारण माझ्या साधनात जे झालं ते एकाच नगात झालं असेल असं मला वाटत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा न दिल्यामुळे होणाऱ्या हानीलाही उत्पादक जबाबदार असतो. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी तिथे शुल्कही लागत नाही. सुनावणीत ही वस्तू काय आहे हे मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल याची मला कल्पना आहे. मी सांगेन.

उत्तर लेखी आणि मराठीत, फक्त सोबत दिलेल्या ईमेलवर पाठवावं. दुकानाच्या नंबरवर फोन करू नये, तिथे कुणीही फोन उचलतं. सेल न्यायला माणूस पाठवाल तेव्हा पावतीवर वस्तूचं नाव न लिहिता फक्त ‘खराब बॅटरी’ लिहावं.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक स्वतंत्र बंद पाकिटात)