आंघोळीच्या पाण्याची चूलही बदलायला हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की गावोगावी पहाटेच धूर दिसू लागतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर आमच्या भागातील बहुतेक स्वयंपाकघरांत गॅस पोहोचला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु हा पहाटेचा धूर स्वयंपाकघरातला नसून सांदवाडीत, म्हणजे परसात, तीन दगडांवर ठेवलेल्या आंघोळीच्या पाण्याच्या गंजाखालचा (मोठ्या भांड्याखालचा) असतो, आणि त्याचा विचार कोणत्याही योजनेत फारसा झालेला दिसत नाही. गॅस असूनही बाया सरपणाला का जातात, असे विचारणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा हा गंज पाहून जावे.

हिशेब सोपा आहे. २० लिटरची एक बादली १५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापवायला ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण ४,००० किलोकॅलरी असतात, पण तीन दगडांच्या चुलीत त्यांतील जेमतेम १० टक्के पाण्यापर्यंत पोहोचतात, म्हणजे एका बादलीला दीड किलो लाकूड जळते. पाच माणसांच्या घराला रोज साडेसात किलो, आणि थंडीच्या तीन महिन्यांत पावणेसात क्विंटल. लाकूड ओले असेल तर त्यातले पाणी उडवण्यातच बरीच आच खर्च होते, तो भाग वेगळा. हेच पाणी गॅसवर तापवायचे ठरवले तर बादलीमागे सुमारे ८० ग्रॅम गॅस लागतो आणि १४.२ किलोचे सिलिंडर केवळ आंघोळीवर पाच आठवड्यांत संपते. मजुरीवर चालणाऱ्या घराने हा खर्च टाळला तर त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. विजेचे रॉड आहेत, पण एका बादलीला पाऊण युनिटच्या जवळपास वीज लागते, आणि पहाटेच्या वेळी खेड्यात विजेचा दाब किती असतो हे वाचकांना सांगायला नको.

तेव्हा निदान काही वर्षे तरी लाकूड राहणारच, हे गृहीत धरून ते कमी कसे जळेल हे पाहणे शहाणपणाचे आहे. घरगुती चुलींसाठी भारतीय मानक ब्युरोने २०१३ मध्ये जे मानक ठरवले, त्यात पंख्याविना चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के असावी लागते. पाणी तापवण्याचे साधन एवढ्या कार्यक्षमतेचे असले तरी बादलीला सहाशे ग्रॅम लाकूड पुरते आणि वर सांगितलेल्या घराचे एका हिवाळ्यात चार क्विंटल सरपण वाचते. आपल्याकडचा जुना बंब याच तत्त्वावर चालतो: मधल्या नळीत आग आणि तिच्या भोवती पाणी, त्यामुळे गंजाच्या बाहेरून उधळून जाणारी आच पाण्याला मिळते, खाली जाळी असल्याने राख झडते आणि हवा वर ओढली जाते. काडीकचरा, भुरकट, पऱ्हाटी-तुराटीचे (कापसाच्या व तुरीच्या वाळलेल्या झाडांचे) तुकडे, सगळे त्यात चालते. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यातील काही गावांत वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेने कमी लाकडावर चालणारे असे बंब दिले आहेत. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेला बंब वाटावेसे वाटले, यातच सगळे आले. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्याची बातमी वाचताना मृत व्यक्ती जंगलात कशाला गेली होती, हे पाहिले तर मोहफूल आणि तेंदूपानाबरोबर सरपण हे कारणही पुन्हा पुन्हा येते.

अमेरिका-कॅनडासारख्या थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीवर, जाळलेल्या इंधनापैकी किती टक्के उष्णता घराला मिळते, याचा आकडा दिलेला असतो. नव्या भट्ट्यांत तो ९० टक्क्यांच्या वर जातो, कारण धुराड्यातून जाणारी वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता काढून घेतात. आपल्याला तेवढ्या यंत्राची गरज नाही. पण आकडा देण्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. फ्रीजवर तारे असतात, गिझरवर असतात; आठवडी बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या बंबावर मात्र किमतीखेरीज काहीच लिहिलेले नसते, आणि घेणारा पत्रा वाजवून बघतो तेवढीच त्याची परीक्षा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे. विदर्भात विकल्या जाणाऱ्या बंबांची चाचणी तेथे व्हावी, बादलीला किती लाकूड लागते ते बंबावर छापले जावे, आणि ‘महाऊर्जा’ या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने त्यांतील चांगल्यांवर अनुदान द्यावे, अशी माझी सूचना आहे. कमी लाकडाची चूल विदर्भाला नवीन नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी ‘मगन चूल’ तयार केली होती.

काही अडचणीही आहेत. बंब बंद न्हाणीत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि कोंडलेल्या जागेत तो जीव घेतो. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात नळीवर क्षाराचा थर बसतो आणि तो वेळच्या वेळी खरवडला नाही तर चांगला बंबही जास्त लाकूड खातो, म्हणून आत हात जाईल एवढे तोंड असलेलाच बंब तिकडे घ्यावा. कापूस उत्पादकांसाठी आणखी एक गोष्ट: घराशेजारी रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते आणि पुढच्या हंगामात शेतावर येते. त्यामुळे बोंडे झाडून मगच पऱ्हाटी घरी आणावी, आणि ती पावसाळ्याआधी संपवावी.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना गॅस जोडण्या मिळाल्या. त्याच गावांत आता बंबाचाही विचार व्हावा. वाटप करायचे असेल तर ते दिवाळीच्या आत करावे. मार्चअखेर निधी संपवण्यासाठी आलेली वस्तू उन्हाळाभर ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून राहते आणि पावसाळ्यात तिचा तळ गंजतो. आणि वाटपाबरोबर गावातल्या एखाद्या लोहाराला जाळी व तळ बदलण्याचे काम शिकवून ठेवावे, कारण पहिल्यांदा खराब होतात ते हेच दोन भाग.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर