पॉइंट टू-टूवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

लेकीसाठी पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ ची रायफल तुम्ही शोधून दिलीत, त्याबद्दलचं हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. इथे ओहायोत आपली मराठी घरं काही कमी नाहीत, आणि पोरांना नेमबाजी शिकवायची म्हटलं की विचारायचं कुणाला हेच कळत नाही. तुमच्यासारखा माणूस असतो, हे त्यांना कळू दे.

लेकीने हा ध्यास घेतला तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम मारायच्या रायफल प्रकारात, कांस्यपदक मिळवलं, आणि ही अकरा वर्षांची पोर म्हणाली, मला हेच शिकायचंय. त्याची ती ऑलिंपिकची रायफल हजारो डॉलर्सची. आमचं बजेट तीनशेच्या आतलं. पण काडतूस तेच, १८८७ पासून चालत आलेलं .२२ लाँग रायफल, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी आम्ही जे अनुभवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका दुकानात काउंटरवरचा माणूस सगळा वेळ फक्त माझ्या नवऱ्याशी बोलला. प्रश्न मी विचारायचे, उत्तर त्यांना. लहान मुलीसाठी हवी आहे म्हटल्यावर त्याने पंचवीस गोळ्यांच्या मॅगझिनची काळी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, रायफल समोर ठेवली. दुसरीकडे मुलगी आहे म्हणून गुलाबी दस्त्याची रायफल निघाली, आणि तेवढं पुरे झालं असं त्यांना वाटलं. जिला चालवायची होती तिच्याकडे कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आणि आपल्याच माणसांनी? ‘मुलीच्या हातात बंदूक कशाला, भरतनाट्यमला घाला की.’ मला ते फार लागलं. अजून लागतं.

तुम्ही मात्र रायफलीचा विषयच आधी काढला नाहीत. लेकीला म्हणालात, ‘दोन्ही हात पुढे कर, तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी कर, आणि तिच्यातून ते झाड बघ. आता एकेक डोळा मीट.’ उजव्या हाताने लिहिणाऱ्या माझ्या मुलीचा नेम धरणारा पक्का डोळा डावा आहे, हे आम्हाला आई-बापाला माहीत नव्हतं. ‘डोळा बदलता येत नाही पोरी, खांदा बदलता येतो,’ असं म्हणून तुम्ही तिला डाव्या खांद्यावर धरायला शिकवलंत. मग तिचा कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवलात आणि बोट ट्रिगरपर्यंत कितपत पोचतं ते पाहिलंत. दस्ता लांब असला की मूल मागे रेलतं आणि नेम कधीच स्थिर होत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती पाहायला कुणाला सवड झाली नव्हती.

पण काका, माझ्या मनात कायमचं राहिलंय ते वेगळंच. तिच्या हातात द्यायच्या आधी तुम्ही तुमच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, मागे ओढलात, आत डोकावून पाहिलंत, करंगळीचं टोक चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या, तोंडाला लावून चाचपलंत. आणि मग म्हणालात, ‘रिकामी आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू स्वतः बघ.’ तिने वाकून पाहिलं, करंगळीने चाचपलं. बोटाला काळं तेल लागलं. ‘आता आईला दाखव.’ मग मी पाहिलं. नळी पूर्ण वेळ समोरच्या मातीच्या बांधाकडे होती. साताऱ्याला एनसीसीत ‘खाली कर’ म्हटल्यावर सगळी रांग असंच करायची, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मला त्या क्षणी एवढंच दिसलं की एका मोठ्या माणसाने माझ्या मुलीवर जबाबदारी टाकली, आणि ती एका श्वासात मोठी झाली. आता घरात कुलपातली रायफल काढली की ती आधी बोल्ट उघडते आणि माझ्यापुढे धरते. न सांगता.

निवडीचं सगळं काही इथे लिहीत बसत नाही, पण विचारणाऱ्यांसाठी थोडं. सॅव्हेज कंपनीची रास्कल जेमतेम पावणेतीन पौंडांची, एकेक गोळी भरायची, अगदी लहानग्यांसाठी उत्तम. पण आमच्या मुलीला ती दोन वर्षांत लहान पडली असती. रुगर कंपनीच्या अमेरिकन रिमफायर या .२२ रायफलीची छोटी आवृत्ती तुम्हाला पसंत होती, दस्ता बदलून मुलासोबत वाढवता येतो म्हणून. शेवटी डाव्या बोल्टची, आखूड दस्त्याची, वापरलेली सॅव्हेज मार्क टू तुम्हीच शोधून दिलीत. पुढे उंची वाढली की मागे रबरी पॅड चढवायचं. बोल्ट-ॲक्शनच, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफलच का, हेही तिथेच उमगलं. प्रत्येक गोळीनंतर हात थांबतो, पुंगळी बाहेर पडते, मूल श्वास घेतं, पुन्हा नेम धरतं. शिवाय .२२ चा धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे दचकायची खोड लागत नाही. आणि दुर्बिणीवर पैसे घालू नका, ते काडतुसांवर घाला, हा तुमचा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला. चार वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पेटी आणली, पन्नास यार्डांवर पाच-पाच गोळ्या मारून पाहिल्या. आमच्या रायफलीला ४० ग्रेन वजनाच्या गोळीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साध्या वेगाची, काडतुसं मानवली, महागडी वेगवान नाही.

आणखी एक. काडतुसांच्या पेटीवर गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते अशी सूचना छापलेली असते, ती तुम्ही तिला मोठ्याने वाचायला लावलीत आणि विचारलंत, ‘आपल्या घरापासून दीड मैलावर काय आहे?’ ती म्हणाली, ‘माझी शाळा.’ तुम्ही पुढे एक शब्द बोलला नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

तुम्हाला यातून काय मिळालं? तुमचं दुकान नाही, कमिशन नाही. भर थंडीत रविवारची सकाळ अनोळखी घरासाठी दिलीत, चहासुद्धा तुमच्याच थर्मासमधला. परक्या मुलुखात माणूस माणसाला असा धरून ठेवतो, म्हणून आपण इथे टिकलो आहोत असं मला मनापासून वाटतं.

जुलैत इथे ओहायोतच कॅम्प पेरीच्या नेमबाजी मैदानावर रिमफायर स्पोर्टरची स्पर्धा असते, साडेसात पौंडांच्या आतली साधी पॉइंट टू-टू तिथे चालते. लेकीला उतरायचंय, आणि तिची एकच अट आहे, काका मागे उभे हवेत. काकूंनाही घेऊन या. डबा माझ्याकडे.

तुमची,
डावखुऱ्या नेमबाजाची आई