फॉलिकची गोळी पाळी चुकायच्या आधी हवी, आणि ‘पाचची’ सगळ्यांना नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईत घरोघरी याद्या होतात. हॉल, बस्ता, केळवणं, रुखवत, मानपान. त्यात एक नाव कुणीच लिहीत नाही: फॉलिक अ‍ॅसिड, ४०० मायक्रोग्रॅम, रोज एक. बाळाच्या मेंदूचे आणि मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळायला मदत करणारी ही ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाची गोळी. लवकर मूल हवं असेल, किंवा मूल कधी हे अजून ठरलेलं नसेल आणि गर्भनिरोधनही चालू नसेल, तर ही गोळी लग्नाच्या आसपासच सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक जणींच्या हाती ती पडते तेव्हा तिचं मुख्य काम करायची वेळ टळलेली असते.

तारखा मांडून पाहा. पाळी १ जूनला आली आणि चक्र २८ दिवसांचं आहे, तर गर्भधारणा साधारण १५ जूनला होईल. पाळी चुकल्याचं लक्षात येईल २९ जूनला. ‘थोडे दिवस वाट पाहू’ म्हणत घरची चाचणी होईल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दवाखान्याची पहिली फेरी आणि सोनोग्राफी आठव्या आठवड्यात, म्हणजे २७ जुलैच्या सुमारास. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती न्यूरल ट्यूब मात्र गर्भधारणेपासून २८ दिवसांत, म्हणजे १३ जुलैपर्यंत मिटलेली असते. ती मिटताना खालच्या बाजूला उघडी राहिली तर स्पायना बायफिडा, वर डोक्याकडे राहिली तर अ‍ॅनेन्सेफली. २७ जुलैला लिहून दिलेली गोळी ही नळी मिटवू शकत नाही. शिवाय ४०० मायक्रोग्रॅमने रक्तातल्या तांबड्या पेशींमधला फोलेटचा (फॉलिकचं अन्नातलं आणि शरीरातलं रूप) साठा पुरेसा व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून गर्भधारणेच्या किमान एक महिना आणि जमल्यास तीन महिने आधी गोळी सुरू करावी, आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी. या उदाहरणातल्या बाईने ती मार्च-एप्रिलमध्ये सुरू करायला हवी होती. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी बंद करणार असाल तर आधी फॉलिक, मग ते बंद, हा क्रम ठेवा. दिवस अनपेक्षित राहिले असतील तर कळलं त्याच दिवशी सुरू करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

‘पालक-मेथी खातो की’ हे उत्तर नेहमी मिळतं. जरूर खावी. पण पालेभाजीतलं फोलेट उष्णतेने आणि शिजवलेलं पाणी ओतून दिल्याने बरंच कमी होतं, आणि उरलेलं गोळीतल्या फॉलिकइतकं अंगी लागत नाही. फोर्टिफाइड तांदळावरही भिस्त ठेवू नये. त्याच्या मापदंडात किलोमागे फॉलिक ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ पोटात गेला तरी १५ ते २५ मायक्रोग्रॅमच.

आता ताकदीविषयी. आम्हाला हे पत्र लिहावंसं वाटलं ते मुख्यतः यासाठी. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं ‘फॉलिकची गोळी द्या’ म्हटलं तर बहुतेक वेळा समोर येते ती ५ मिलिग्रॅमची. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, हव्या त्याच्या साडेबारा पट. ती गोळी वाईट नाही, ती ठरावीक बायकांसाठी आहे: आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष होता, स्वतःला किंवा नवऱ्याला तो आहे, फिट्सची औषधं चालू आहेत, आधीपासून मधुमेह आहे, सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा आजार आहे. आधीचं बाळ दोषासह झालेल्या स्त्रियांवर सात देशांत झालेली मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिकने तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. जास्त ताकदीचा डोस आला तो तिथून. बाकीच्यांना ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. वजन फार जास्त असेल तर डोस डॉक्टरांना विचारून ठरवावा.

आणि ही पाचची गोळी एकटी नसते. एक नेहमीचं प्रिस्क्रिप्शन घ्या. सकाळी फॉलिक ५ मिलिग्रॅम. मळमळीसाठी डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची गोळी दिवसातून दोनदा; तिच्या बऱ्याच ब्रँडांत फॉलिक २.५ मिलिग्रॅम घातलेलं असतं, म्हणजे आणखी ५. रात्री लोहाची गोळी, त्यात फॉलिक १.५. बेरीज झाली ११.५ मिलिग्रॅम, हव्या त्याच्या २८ पटींहून जास्त. लिहिणाऱ्याने तीन औषधं लिहिली, देणाऱ्याने तीन स्ट्रिपा कापून दिल्या, बेरीज कुणीच केली नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. तिथे ‘एमसीजी’ आहे की ‘एमजी’, हे एक अक्षर नीट वाचावं. हजारपटीचा फरक त्यात आहे.

कुणी चुकून पाचची गोळी घेतली असेल तर घाबरू नये. त्यामुळे बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही आणि जादा फॉलिक बरंचसं लघवीवाटे निघून जातं. अडचण वेगळी आहे, आणि ती आपल्याकडे जास्त लागू पडते: बी-१२. फॉलिक भरपूर मिळालं की बी-१२ च्या कमतरतेतला अ‍ॅनिमिया सुधारल्यासारखा दिसतो, सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट बरा येतो, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणूनच निरोगी प्रौढासाठी गोळीतल्या फॉलिकची वरची मर्यादा दिवसाला १,००० मायक्रोग्रॅम धरली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावण्यासारखे आहेत. दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं, तांबड्या पेशींतलं फोलेट मात्र फक्त एकीचं कमी निघालं. ज्यांच्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली.

तेव्हा शाकाहारी घरातल्या मुलीने मूल हवं असं ठरवलं की फॉलिकच्या आधी किंवा बरोबरीने बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच, कारण ते औषध बी-१२ चं शोषण कमी करतं. कपभर चहातल्या चमचाभर दुधाने बी-१२ मिळत नाही. मोड आलेली कडधान्यं आणि स्पिरुलिना यांत ते असतं हा समजही सोडावा. रोज दोन पेले दूध किंवा दही, चालत असतील तर अंडी आणि मासे, आणि रिपोर्ट कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून महाग विकलं जाणारं मिथाइलफोलेट आणि त्यासाठी सुचवली जाणारी एमटीएचएफआर या फोलेटच्या वापराशी संबंधित जनुकाची चाचणी यांत पैसे घालवू नयेत. न्यूरल ट्यूबचे दोष टळल्याचा पुरावा साध्या फॉलिक अ‍ॅसिडचा आहे, आणि त्या जनुकात फरक असणाऱ्यांनाही ते लागू पडतं.

खरी भीती बाळगावी ती ‘अ’ जीवनसत्त्वाची. गाजर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांतलं बीटा-कॅरोटिन निर्धोक आहे. रेटिनॉल, म्हणजे कलेजीतलं आणि कॅप्सूलमधलं तयार ‘अ’, वेगळं. गर्भधारणेच्या आगेमागे ते रोज १०,००० आययूच्या (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) वर जाता कामा नये. पहिल्या आठवड्यांत फार जास्त झालं तर बाळाचा चेहरा, हृदय आणि मेंदू घडण्यात दोष येऊ शकतात. बाजारात ‘अ’ च्या २५,००० आणि ५०,००० आययूच्या कॅप्सूल मिळतात. कॉडलिव्हर ऑइलमध्ये रेटिनॉल असतं. बोकडाच्या कलेजीतही ते इतकं असतं की ‘रक्त वाढतं’ म्हणून सुनेला दर आठवड्याला कलेजी खाऊ घालण्याची माया या तीन महिन्यांत आवरती घ्यावी. कुणाला फॉलिकचा जास्त डोस सांगितला असेल, तर तो भरून काढायला मल्टिव्हिटॅमिनच्या दोन-तीन गोळ्या घेऊ नयेत. फॉलिकबरोबर ‘अ’ ही दुप्पट-तिप्पट होतं. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’ चंच भावंड. ते बंद केल्यावर किमान एक महिना दिवस राहता कामा नयेत. फिट्सच्या व्हॅल्प्रोएटचा धोकाही मोठा आहे, पण ते स्वतःहून बंद करणं त्याहून वाईट. गर्भधारणेचा विचार सुरू होताच न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन औषध बदलून घ्यावं.

‘ड’ जीवनसत्त्वात चूक होते ती वाराची. ६०,००० आययूचं पाकीट आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, दुधातून घ्यायचं असतं. ते ‘रोज एक’ असं समजून घेतलं जातं. रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी. सासू म्हणते, डोहाळे कडक आहेत. पाकिटावर वार लिहून ठेवला, ‘रविवार’, की हा घोळ होत नाही.

केसांच्या गमी आणि गोळ्यांमध्ये बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम असतं, गरज असते ३० ची. ते विषारी नाही, पण प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांची दिशाभूल करतं: थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच खोटा कमी दिसतो, गरोदरपणाचं हार्मोन बीटा-एचसीजीसुद्धा कमी दिसू शकतो. गरोदरपणात थायरॉइडचा डोस या आकड्यांवर ठरतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

आयोडीनचा विषय थोडक्यात. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतं. आयोडीनयुक्त मिठात घरी पोहोचेपर्यंत ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं. उपवासापुरतं शेंदेलोण ठीक. ‘नैसर्गिक’ म्हणून वर्षभर त्याच्यावरच स्वयंपाक करणाऱ्या घरात आयोडीन येणार कुठून? मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावं आणि शक्यतो शेवटी घालावं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र नकोत, त्यांत आयोडीन किती निघेल याचा भरवसा नसतो.

लोहाबाबत सरकारी पद्धत स्पष्ट आहे: चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असलेली लाल गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस. पहिल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन चांगलं असेल तर लोहाची घाई नको, मळमळ वाढते. आणि मग त्या मळमळीपायी बायका फॉलिकही सोडून देतात. फॉलिकने मळमळ होत नाही, ती गोळी रात्री जेवणानंतर घेऊन झोपावं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी कारण पाहावं. तांबड्या पेशी लहान दिसत असतील, किंवा नंदुरबार, गडचिरोली अशा सिकलसेलच्या पट्ट्यातलं घर असेल, तर नवरा-बायको दोघांची एचपीएलसी, म्हणजे सिकलसेल-थॅलेसेमिया ओळखणारी रक्ततपासणी, दिवस राहण्याआधी झालेली बरी. जंताची गोळीही पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये.

गोळ्या एकमेकींच्या आड येतात. थायरॉइडची गोळी पहाटे सहाला उपाशीपोटी घेतली तर लोह किमान चार तासांनी, अकराच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नको. कॅल्शियम चौदाव्या आठवड्यापासून, ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तास हवेत. लोहाने शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नये. घरात आधीचं लहान मूल असेल तर ही लाल, साखरेचा मुलामा दिलेली गोळी कुलपात ठेवा. १० किलोच्या मुलाने चार गोळ्या खाल्ल्या तरी उलट्या आणि विषबाधा सुरू होऊ शकते. उलट्या थांबल्या तरी घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं.

पुत्रप्राप्तीची किंवा ‘गर्भ टिकण्याची’ म्हणून मिळणारी अनोळखी भस्मं घेऊ नयेत. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली अशी औषधं घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं होतं.

आरोग्य विभागाला आमच्या दोन सूचना आहेत. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या सरकारी मोहिमेच्या सूचनांमध्ये गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक रोज घ्यावं असं नमूद आहे. पात्र जोडप्यांची नोंद आशाताई ठेवतातच. नवविवाहितेचं नाव त्या वहीत चढेल त्याच दिवशी तीन महिन्यांच्या गोळ्या तिच्या हातात पडाव्यात, आणि त्या ४०० च्या असाव्यात, उपकेंद्रात शिल्लक पडलेल्या पाचच्या नव्हेत. दुसरं, मळमळीच्या आणि लोहाच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर ‘यात फॉलिक आहे’ एवढं मराठीत ठळक छापणं बंधनकारक करावं.

तोवर, पहिल्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, पाकिटं, केसांच्या गमीचा डबासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्यावा आणि डॉक्टरांपुढे टेबलावर ओतावा.

आपले,
स्त्रीरोग, औषधनिर्माण आणि आहारशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, पुणे